शोधाशोध कोणी करायची?

ऑफिसात सर्व्हर बसला तर काय करायचं हे आमच्याकडे कालच जॉईन झालेल्या पोरालाही माहीत असतं. आधी कोणाला फोन, त्याने नाही उचलला तर कोणाला, पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर कोणाच्या मॅनेजरला झोपेतून उठवायचं... सगळं लिहून ठेवलेलं. कारण साधं आहे. रात्री दोन वाजता कोणाचंच डोकं चालत नाही, म्हणून हा कागद दुपारी, शांतपणे, चहा पीत लिहायचा असतो.

आता दुसरा प्रश्न. रूममेट चार दिवस धड जेवलेला नाही, आंघोळीचा पत्ता नाही आणि रात्री एक वाजता म्हणतोय, "बास झालं यार आता." कोणाला फोन करायचा?

मी हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्ये बऱ्याच जणांना विचारून पाहिलाय. बहुतेकांचं उत्तर "गूगल करू" असं आलं. एकाने "राजमाचीला घेऊन जाऊ" असं सांगितलं. राजमाची चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रात्री एक वाजता?

तर आज त्या "गूगल करू"बद्दल लिहायचं आहे. पुढचं सगळं माझ्या मित्राला विचारून लिहितोय. त्याच्या दोन अटी आहेत. एक, नाव नको. दुसरी, "मला रडका हीरो करू नकोस." दोन्ही मान्य.

हा मित्र जळगावकडचा. पुण्यात सहा वर्षं, टेस्टिंगमध्ये. २०२३च्या सप्टेंबरमध्ये त्याची नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. दर महिन्याला घरी पैसे पाठवायचा ते साठवलेल्यातून पाठवत राहिला. पहिला महिना उत्साहात गेला. रेझ्युमे, कॉल, इंटरव्ह्यू. दुसऱ्या महिन्यात तिसऱ्या राउंडपर्यंत जाऊन तिथून पुढे शांतता, असं चार वेळा झालं. नोव्हेंबरपासून तो दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लागला. दिवाळीला घरी गेला नाही, रिलीज आहे असं सांगितलं. आसपासच्या मंडळींनी नेहमीचे सल्ले दिले. जिम लाव. सकाळी लवकर उठ. लग्न कर, सगळं ठीक होतं. (हा शेवटचा सल्ला ज्याने दिला त्याचं स्वतःचं लग्न बघता मला गंमत वाटली. असो.)

डिसेंबरचा पहिला शुक्रवार. रात्री तो म्हणाला, "झोपावं आणि सकाळी उठूच नये असं वाटतं रे."

आमच्या ऑफिसात एकदा सक्तीचं ट्रेनिंग झालं होतं. जेवणानंतरची वेळ, सगळे पेंगत होते. पण त्यातली एक गोष्ट माझ्या कानात राहिली होती: शंका आली तर सरळ विचारा, आडून विचारू नका. म्हणून सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का तुझ्या मनात?"

असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी आपल्या सगळ्यांना भीती असते. तसं होत नाही. या विषयावर काम करणारे लोक अभ्यास करून हेच सांगत आलेत की सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मित्र बराच वेळ गप्प बसला आणि मग "हो" म्हणाला. पुढे त्याने जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. त्याची गरजही नाही.

मग सुरू झालं गूगल.

पहिला नंबर बंद. दुसऱ्यावर टेप वाजली: कार्यालयीन वेळेत संपर्क साधा. आता हे दुःख कार्यालयीन वेळेत कसं बसवायचं? तिसरा नंबर १४४१६.

ही टेली-मानस. केंद्र सरकारची हेल्पलाइन. २०२२च्या बजेटमध्ये जाहीर झाली आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, सुरू झाली. चोवीस तास, फुकट, वीस भाषांत. मराठी त्यात आहेच. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था त्याच्या केंद्रस्थानी आहे आणि टेक्नॉलॉजीची बाजू तिथल्याच ट्रिपल-आयटीने सांभाळली आहे. रचना आपल्याला लगेच कळेल अशी आहे. आधी राज्यातल्या केंद्रातला प्रशिक्षित काउन्सेलर बोलतो. प्रकरण त्याच्या हातातलं नसेल तर तो पुढे तज्ज्ञाकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कार्यक्रमातल्या किंवा मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांकडे पाठवतो. एल-वन, एल-टू.

मित्र बोलायला तयार नव्हता. म्हणून मीच बोललो. हे पुष्कळांना माहीत नसतं, की फोन त्रास होणाऱ्यानेच केला पाहिजे असं काही नाही. शेजारी बसलेल्यानेही करता येतो. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून पस्तिशीच्या असाव्यात. कुठे घाई नाही, कुठे उपदेश नाही. त्यांनी मला तीन कामं सांगितली. आज रात्री त्याला एकटं सोडू नका. ज्याने इजा करून घेता येईल असं जे काही घरात असेल ते त्याच्या हाताशी राहू देऊ नका. आणि लवकरात लवकर मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन जा. रात्रीत परिस्थिती बिघडली तर वाट बघू नका, सरळ १०८ किंवा ११२ला फोन करा नाहीतर जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा. मग म्हणाल्या, "त्यांना फोन देता का? नाही बोलले तरी चालेल, नुसता स्पीकरवर ठेवा." ठेवला. वीसेक मिनिटांनी तो बोलायला लागला.

ती रात्र अशी निघाली. मी हॉलमध्ये गादी टाकली आणि आम्ही दोघं तिथेच झोपलो. म्हणजे तो झोपला.

शनिवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. दुपारपर्यंत बत्तीस टॅब झाले होते आणि अकरा फोन. एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात अपॉइंटमेंट नऊ दिवसांनी. एका क्लिनिकमध्ये सोमवारची मिळत होती, फी पंचवीसशे आणि पुढे दर आठवड्याला सेशन, तेही पंचवीसशेचं. मित्राच्या खात्यात तेव्हा एकोणीस हजार होते आणि त्यातून फ्लॅटचं भाडं जायचं होतं. आमच्या कंपनीत मोफत काउन्सेलिंगची सोय आहे, पण ती कर्मचारी आणि त्याच्या कुटुंबासाठी. रूममेट कुटुंबात बसत नाही. त्याच्या जुन्या कंपनीतही अशी सोय होती, पण ती नोकरीबरोबर गेली. म्हणजे बघा, नोकरी जाते तेव्हा ज्याची गरज सगळ्यात जास्त, ती गोष्ट नेमकी आयडी-कार्डाबरोबर परत करावी लागते.

त्या दुपारी एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली, आणि हे सगळं लिहायचं कारणही तेवढंच आहे. मी टॅब उघडत होतो तेव्हा मित्र समोर बसला होता. त्याला विचारलं, पोहे आणू की उपमा? त्याला ठरवता येईना. खरंच येईना. पाच मिनिटं तो त्या प्रश्नाकडे बघत बसला. ज्या माणसाला पोहे की उपमा ठरत नाही, त्याने अकरा फोन करायचे? "सर, लाइनवर राहा" ऐकत थांबायचं? अनोळखी रिसेप्शनिस्टला "कशासाठी दाखवायचंय?" याचं उत्तर द्यायचं? दुसऱ्याच फोनला त्याने सोडून दिलं असतं आणि वर "बघ, काही उपयोग नाही" याचा आणखी एक पुरावा गोळा केला असता.

डिप्रेशनमध्ये आधी जातं ते हेच. ठरवणं, फोन करणं, चिकाटी. आणि मदत शोधायला नेमकं तेच लागतं. पाय मोडलेल्या माणसाला तीन जिने चढून प्लास्टर घालायला या म्हणण्यासारखं आहे हे. म्हणून शोधाशोध हे त्याचं काम नाही. ते आपलं काम आहे, ज्यांचं डोकं त्या दिवशी चालतंय त्यांचं. आपण त्याला बरं करू शकत नाही, आपण डॉक्टर नाही. पण फोन करू शकतो, पत्ता काढू शकतो, रिक्षा बोलावू शकतो, रांगेत उभे राहू शकतो. आपल्या लोकांना हे काम तसं फार छान जमतं. व्हिसाची अपॉइंटमेंट, तत्काळची तिकिटं, शाळेची ॲडमिशन, सगळं जमतं की!

आता जे शोधून सापडलं ते लिहितो, म्हणजे तुमचे बत्तीस टॅब वाचतील.

आधी कोण काय करतं ते. सायकिॲट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. निदान करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, थेरपी देतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते आणि ती विचारायला लाजायचं नाही. काउन्सेलर या शब्दाचं मात्र जरा जपून. उत्तम काउन्सेलर आहेत आणि चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. शिक्षण काय, अनुभव किती, हे विचारा. प्लंबरला विचारतोच ना आपण? जिवाचा प्रश्न असेल तर आधी डॉक्टर, थेरपी त्याच्या बरोबरीने.

मग स्वस्त कुठे. याचं उत्तर आपल्या नाकासमोर असतं आणि आपल्याला दिसत नाही: सरकारी रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६पासून आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार निःशुल्क आहेत. मेडिकल कॉलेजांची आणि महापालिकेची रुग्णालयं यात येत नाहीत, पण तिथलीही फी खाजगीच्या मानाने किरकोळ असते. याशिवाय ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे फक्त दाखल रुग्ण असतात हा एक मोठा गैरसमज. तिथेही ओपीडी चालते, लोक येतात, गोळ्या घेतात आणि घरी जातात.

पण मी "येरवडा" एवढा शब्द उच्चारला आणि मित्र ताडकन उठला. "मला वेडा ठरवलंस का?" त्याचा काय दोष? पुण्यात आपण शाळेपासून एकमेकांना "येरवड्याला पाठवा याला" म्हणत मोठे होतो. मुंबईकर "ठाण्याला" म्हणतात. विनोद म्हणून ठीक होतं. पण त्या दिवशी तो विनोद आमच्या आणि डॉक्टरच्या मधे येऊन बसला. मी वाद घातला नाही. घरापासून जवळच्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात जायचं ठरलं.

रविवारी त्याच्या ताईला फोन केला, त्याच्या परवानगीने. त्याने नंबर लावून दिला आणि स्वतः बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, ती काय म्हणाली ते आठवतं. "भाऊ, तुम्ही दोघं जेवले का?" रात्रीच्या गाडीने निघाली आणि सोमवारी सकाळी सातला दारात. हातात डबा. कळण्याची भाकरी आणि ठेचा. भावाला म्हणाली, "नोकरीच गेली ना? तू तर आहेस ना?" आणि लगेच कांदा चिरायला घेतला. मित्र पंधरा दिवसांत पहिल्यांदा दोन भाकऱ्या जेवला.

सोमवारी ओपीडी. रांग मोठी होती, पंखा एकच आणि तोही आमच्यापासून लांब. रांगेत कोण होतं? एक रिक्षावाले काका, एक कॉलेजची मुलगी आणि तिची आई, एक पोलीस, बाळ कडेवर घेतलेली एक बाई. आपल्यासारखेच सगळे. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टर मॅडमनी पंधरा-वीस मिनिटं दिली. झोप, भूक, दारू, घरात कोणाला असा त्रास होता का, कधी याच्या उलट, म्हणजे झोपेशिवाय दिवसच्या दिवस भलताच उत्साह असं झालंय का. थायरॉईड आणि बी-१२ची तपासणी लिहून दिली, कारण कधीकधी गोम तिथेही असते. मग गोळ्या. सांगितलं, "दोन-तीन आठवडे फारसा फरक वाटणार नाही. म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. सुरुवातीला बेचैनी वाढली किंवा ते विचार वाढले तर तारखेची वाट न बघता यायचं." गोळ्या कोणाच्या ताब्यात राहतील तेही विचारलं. ताई म्हणाली, माझ्या.

खर्चाचा हिशोब: केसपेपर शून्य, औषधं तिथल्याच खिडकीवर शून्य, रिक्षा जाऊन-येऊन तीनशे वीस, चहा तीन वेळा.

सरकारी ओपीडीत एक गोष्ट मात्र कमी पडते. दर आठवड्याला निवांत बोलायला तिथल्या लोकांकडे वेळ नसतो. देशात लाख लोकांमागे एक सायकिॲट्रिस्टही नाही, आकडा पाऊणच्या आसपास सांगितला जातो, तर त्यांनी तरी काय करावं? त्यासाठी वेगळी वाट धरावी लागते. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेची, म्हणजे टिसची, आयकॉल ही सेवा २०१२पासून आहे. तिथे प्रशिक्षित काउन्सेलर फोनवर आणि ईमेलवरही बोलतात. ज्याला तोंडाने बोलवत नाही त्याला ईमेल बरा पडतो, मित्राला पडला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच आहे. पुण्यात कनेक्टिंग ही संस्था आहे, तिथे स्वयंसेवक ऐकून घेतात. ऐकून घेणं म्हणजे उपचार नव्हे, पण कधीकधी तेवढंच हवं असतं. व्यसनाची भानगड असेल तर १९८६पासूनचं मुक्तांगण पुणेकरांना सांगायला नको. सायकॉलॉजी शिकवणाऱ्या संस्थांतही बऱ्याचदा कमी फीची केंद्रं असतात. आणि खाजगी थेरपिस्टला "फी कमी होईल का?" हे बिनधास्त विचारा. उत्पन्न बघून फी घेणारे पुष्कळ आहेत, फक्त ते पाटीवर लिहिलेलं नसतं. हेल्पलाइनच्या वेळा बदलत असतात, तेव्हा त्या आधीच तपासून ठेवलेल्या बऱ्या.

कायद्याचं थोडं, कारण ताईने पहिला प्रश्न तोच विचारला होता: "पोलिसांचं काही होणार नाही ना?" नाही. विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शिक्षेपासून वाचवलं. तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, असं त्यात कलम ११५ सांगतं. १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ राहिलेलंच नाही. उपचारांबाबत गुप्तता हाही याच कायद्यातला हक्क. आणि मेडिक्लेम: शारीरिक आजाराला जसा, तसाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा, असं हा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचे नाही. पॉलिसी काढून वाचा, दहा मिनिटांचं काम आहे.

पुढे काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'कासव' आम्ही नंतर एकत्र बघितला, तोच, २०१६चं सुवर्णकमळ मिळालेला. संपल्यावर मित्र म्हणाला, "त्याला समुद्राकाठचं घर मिळालं. मला वाकडचा टू-बीएचके आणि तू." ताई तीन आठवडे राहिली. चौथ्या आठवड्यात तो स्वतःहून भाजी आणायला गेला. जानेवारीत पुन्हा दोन वाईट रात्री आल्या. त्यातल्या एका रात्री मी गावाला होतो. तीन वाजता त्याने स्वतः १४४१६ लावला आणि सकाळी मला मेसेज केला: "बोललो. ठीक आहे. दूध संपलंय." तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही.

मे महिन्यात नोकरी लागली. छोटी कंपनी, पगार आधीपेक्षा कमी. गोळ्या जवळजवळ वर्षभर चालल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. अजूनही कधीकधी त्याचा चेहरा उतरतो. तेव्हा मी सरळ विचारतो आणि तो सरळ सांगतो.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. दहातला एक म्हणजे आपल्या कॅन्टीनमधल्या प्रत्येक टेबलावर एखादा. त्यात उद्या तुम्ही असू शकता, मी असू शकतो.

तर या वीकेंडला अर्धा तास काढा. १४४१६ फोनमध्ये सेव्ह करा. घराजवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता, हे फोन करून विचारा. फोन नाही उचलला तर सोमवारी जाता-जाता आत डोकावून पाटी वाचा. तुमच्या माणसांपैकी कोणाच्या घरी रात्री कोणाला फोन लावायचा, ते विचारून नंबर घेऊन ठेवा. आणि हा सगळा कागद फ्रिजवर लावा, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी. आमच्याकडे तिथेच आहे. वरचं हस्ताक्षर मित्राचं.